एका आठवड्यात दुसरा, पुढचे तीन कट बाहेर: अशा गोल्फरवर दोन वर्षं पैसे लावावेत का?

टेरी_अक्कलकोटरोड

मंडळी, नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. पुण्यात सराव करणाऱ्या एका व्यावसायिक गोल्फरच्या बॅगेवर आणि टोपीवर आमचं नाव घालायचा प्रस्ताव आलाय, करार दोन वर्षांचा. पोराच्या हातात कला आहे, यावर कुणाचं दुमत नाही. पण निकाल म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा. एका स्पर्धेत दुसरा, पुढच्या तिन्हींत कट चुकला (म्हणजे दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, त्यात गेला), मग सातवा, परत दोन कट गेले. एकाच आठवड्यात एका फेरीत ६५ स्ट्रोक (फटके, कमी तेवढे चांगले) पण मारतो आणि दुसरीत ७७ पण. क्रिकेट-कुस्तीवर सल्ला द्यायला पार्क चौकात दहा माणसं भेटतील, गोल्फवर एक भेटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

असा खेळाडू पुढे टिकतो का? आणि सही करण्याआधी त्याचं नेमकं काय तपासायचं? नाव विचारू नका, सांगणार नाही.

मधला_फेअरवे

६५ आणि ७७ ऐकून घाबरायच्या आधी हे बघा. टूरवरच्या (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या) चांगल्या खेळाडूचाही स्कोअर फेरीगणिक स्वतःच्याच सरासरीपासून साधारण पावणेतीन स्ट्रोक इकडेतिकडे होतो. हे प्रमाण विचलन झालं. चार फेऱ्यांच्या बेरजेला तेच साडेपाच होतं. म्हणजे खेळ तसूभरही न बदलता माणूस या आठवड्यात पाच कमी आणि पुढच्या आठवड्यात पाच जास्त मारू शकतो. कट बऱ्याचदा एका स्ट्रोकवर ठरतो, त्यामुळे 'तीन कट गेले' यावरून फारसं काही कळत नाही. एकाने चुकला की नऊने चुकला, ते आधी बघा.

१२ स्ट्रोकचा फरक मात्र या नेहमीच्या हेलकाव्यात सहज बसत नाही. एखाद्या वेळी झाला असेल तर वारा, दुपारी खेळ सुरू करायची वेळ, पाऊस यांचा हिशोब लावा. वारंवार होत असेल तर खेळातलं काहीतरी तुटतंय.

किती फेऱ्या बघायच्या? १६ फेऱ्यांच्या सरासरीत योगायोगाची चूक ०.६९ स्ट्रोक असते, ४० फेऱ्यांत ०.४३ आणि १०० फेऱ्यांत ०.२७. या पातळीवर फेरीमागे अर्धा स्ट्रोक म्हणजे फार मोठं अंतर. एवढ्यानं माणसाचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, राहतं किंवा जातं. म्हणून चार-पाच स्पर्धांवर मत बनवू नका, निदान दोन मोसम घ्या.

आणि नुसता स्कोअर लिहू नका. त्या दिवशी मैदानातल्या सगळ्यांची सरासरी काढा आणि त्यातून त्याचा स्कोअर वजा करा. सगळे ७४ मारत असताना याचा ७२ आला, तर तो सोप्या दिवशीच्या ६९ पेक्षा भारी असू शकतो. यात एक गोची आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत फक्त कट पार केलेले उरतात, त्यामुळे तुलना आपोआप कडक होते. पहिल्या दोन फेऱ्यांचा रकाना वेगळा ठेवा.

यानंतरचा प्रश्न खरा महत्त्वाचा: हे वर-खाली येतं कुठून? कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतली मोठी व्यावसायिक टूर) शॉटन् शॉटच्या नोंदींवरून स्ट्रोक्स गेन्डची पद्धत बसवली, म्हणजे प्रत्येक शॉटने सरासरीपेक्षा किती स्ट्रोक वाचले ते मोजायचं. अव्वल खेळाडूंना बाकीच्यांवर मिळणाऱ्या आघाडीत ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताकडे) मारलेल्या अप्रोच शॉट्सचा वाटा साधारण ४० टक्के, ड्रायव्हिंगचा (टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेल्या लांब फटक्यांचा) २८, ग्रीनभोवतीच्या खेळाचा १७ आणि पुटिंगचा (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्याचा) १५. लोकांच्या डोक्यात हे बरोबर उलटं असतं.

पुटिंग हे सगळ्यात लहरी खातं. पीजीए टूरवर ३ फुटांवरून ९६ टक्के पुट पडतात, ८ फुटांवरून निम्मे आणि २० फुटांवरून जेमतेम १५. एखाद्या आठवड्यात २० फुटांचे सात-आठ पडले की माणूस दुसरा येतो. पुढच्या आठवड्यात तेच पुट काठावरून परत येतात. त्याचा तो दुसरा क्रमांक पटरवर आला असेल तर त्याचे जास्त पैसे देऊ नका. आयर्नवर (अप्रोचच्या क्लबांवर) आला असेल तर ती चीज परत परत दिसते.

त्याच्याकडून किंवा कोचकडून प्रत्येक शॉटच्या तीन गोष्टी मागा: किती अंतरावरून मारला, चेंडू कशावर पडला होता आणि कुठे जाऊन थांबला. एवढ्यावर बाकी सगळं काढता येतं. हे लिहून ठेवत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

सातरस्ता

वरचं सगळं मान्य, पण 'सातत्य' या शब्दाची एवढी पूजा नको. गोल्फमध्ये बक्षिसाची रचनाच उंच उडी मारणाऱ्याच्या बाजूची आहे. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के, दुसऱ्याला १०.९, दहाव्याला पावणेतीनच्या आसपास. एक विजय म्हणजे साडेसहा वेळा दहावं येणं. आपल्या पीजीटीआयवरही (भारतातली व्यावसायिक टूर) एक कोटीच्या स्पर्धेत विजेता साधारण १५ लाख नेतो आणि तिसाव्याच्या हातात किरकोळ येतं. वर पीजीए टूरवर जिंकलात की कार्डाच्या काळजीतून किमान दोन वर्षांची सूट, मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलात तर पाच. दर आठवड्याला पंचविसावा येणारा बिचारा प्रत्येक मोसमात कार्डाच्या काळजीत.

त्यामुळे दहात सहा कट चुकवून दोनदा पहिल्या पाचात येणारा खेळाडू वाईट सौदा नाही. मालक, तुम्हालाही टीव्हीवर टोपी दिसायला हवी ना? ती शेवटच्या दिवशी शेवटच्या गटात दिसते.

येरवडा_रेंज

सातरस्तासाहेब, हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात एक मेख आहे. वर जाणं आणि खाली येणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू असतीलच असं नाही. चांगले दिवस अप्रोच शॉट्समुळे येतात आणि वाईट दिवस ड्रायव्हरमुळे (टीवरून मारायचा सगळ्यात लांब क्लब), असं पुष्कळ वेळा असतं. मग खालचा भाग छाटला तरी वरचा शाबूत राहतो. म्हणून सरासरीपेक्षा डबल बोगी मोजा (होलच्या ठरलेल्या स्ट्रोकपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, दोन जास्त).

अस्थिर खेळाडूत पहिली शोधायची गोष्ट म्हणजे दोन्हीकडे चुकणं. टूरवरच्या खेळाडूचेही ड्राइव्ह एका रेषेत पडत नाहीत. साधारण ६० ते ७० यार्ड रुंदीच्या पंख्यात पसरतात. पंखा एका बाजूला झुकलेला असेल तर काही बिघडत नाही. उजवीकडेच जातो हे माहीत असलं की डाव्या कडेवर नेम धरायचा. डावीकडे हुक आणि उजवीकडे ब्लॉक, दोन्ही एकाच फेरीत येत असतील तर नेम धरायला जागाच उरत नाही. चेंडू कुठल्या दिशेला निघतो ते मुख्यतः क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो. फेस फक्त १ अंशाने चुकला तरी २८० यार्डांवर चेंडू जवळपास ५ यार्ड बाजूला, आणि हवेत वळतो ते वेगळं. ४ अंश चुकला की २० यार्ड. बरीचशी भारतीय मैदानं दाट झाडांची, तिथे २० यार्ड म्हणजे सरळ झाडामागे. तिथून टूरच्या सरासरीने पाऊण स्ट्रोकच्या वर नुकसान, तर साध्या रफमधून (कडेच्या वाढलेल्या गवतातून) पाव स्ट्रोकच. हद्दीबाहेर गेला तर दंडाचा एक स्ट्रोक आणि अंतरही वाया, परत टीवरून तिसरा. जवळजवळ दोन स्ट्रोकचा भुर्दंड. ७७ असेच बनतात. असे दोन-तीन ड्राइव्ह, बाकी खेळ पारच्या जवळपास.

ड्रायव्हर बिघडलाय की माणूस, हेही तपासावं लागतं. फेसवर पावडरचा स्प्रे मारून दहा चेंडू मारायला लावा. ठसे एकमेकांवर, छोट्याशा जागेत आले तर फटका ठीक आहे, मग फेसची दिशा बघा. ठसे 'टो'पासून (फेसचं बाहेरचं टोक) हीलपर्यंत (दांड्याकडचं टोक) पसरले असतील तर शाफ्टची (दांड्याची) लांबी, शरीराचा तोल, थकवा, या क्रमाने जा. टोवर लागलेला चेंडू डावीकडे वळतो, हीलवर लागलेला उजवीकडे (उजव्या हाताच्या खेळाडूचा). त्यामुळे फेस बरोबर असूनही दोन्हीकडे चुकलेलं दिसतं आणि कोच भलत्याच रोगावर औषध देत बसतो. ड्रायव्हरचा फेस आतून तडकलेला असतो, हेही घडतं. आवाज बद्द येतो, अंतर पडतं आणि खेळाडू महिनाभर स्विंगला दोष देतो. आयर्नचे लाय आणि लॉफ्ट हे कोन वर्षातून एकदा मोजून घ्यायला हवेत. कडक मॅटवर रोज मारून ते हळूहळू सरकतात.

पटरचं गणित छोटं आहे. होल ४.२५ इंच रुंद. १० फुटांवरून मध्यापासून कडेपर्यंत फक्त १ अंश. त्याहून जास्त चुकलं की पुट गेला. सरावाला चेंडूपेक्षा किंचित रुंद असं दोन टींचं (चेंडू ठेवायच्या खुंट्यांचं) दार लावायचं आणि त्यातून पन्नास चेंडू न लागता काढायचे. चेंडू टींना लागत नाही तरी पुट पडत नाहीत, तर दोष ग्रीन वाचण्यात. उपाय वेगळा, माणूसही बहुधा वेगळा.

आणि प्रायोजकाने विचारावा असा एक प्रश्न: गेल्या दोन वर्षांत कोच किती बदलले? स्विंगमध्ये मोठा बदल बसायला अख्खा मोसम जातो. सहा-सहा महिन्यांनी नवा गुरू म्हणजे रोज अर्धवट भाजलेली भाकरी.

नऊ_होल

'टिकतो का' याला जुने दाखले दोन्ही बाजूंचे आहेत, पण त्यातून एक धागा निघतो.

डेव्हिड डुव्हल १९९९ मध्ये जगात पहिला, त्याच वर्षी एका फेरीत ५९. २००१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला आणि त्यानंतर पीजीए टूरवर एकही विजय नाही. पाठीचं दुखणं, बिघडलेला स्विंग, सगळं एकावर एक. इयन बेकर-फिंच १९९१ चा ओपन (तीच ब्रिटिश ओपन) विजेता. १९९७ मध्ये ट्रूनला त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत ९२ मारून बाहेर पडला. दोघांचाही ड्रायव्हर गेला होता. पटर गेलेले परत येतात, बर्नहार्ड लँगर पुटिंगच्या थरथरीतून एकदा नव्हे, अनेकदा सावरला आणि १९८५ व १९९३ ची मास्टर्स जिंकला. ड्रायव्हर गेलेल्यांचं परतणं जास्त अवघड.

अवघड, अशक्य नव्हे. हेन्रिक स्टेन्सनची क्रमवारी २०१२ च्या सुरुवातीला दोनशेच्या बाहेर होती. २०१३ मध्ये त्याच माणसाने फेडेक्स कप आणि रेस टू दुबई, म्हणजे अमेरिकन आणि युरोपियन टूरची मोसमाची अजिंक्यपदं, दोन्ही एका मोसमात जिंकले, असं करणारा तो पहिलाच. २०१६ च्या ओपनला शेवटच्या फेरीत ६३. त्याचं खरं हत्यार ड्रायव्हर नव्हतंच. टीवरून ३-वूड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) मारायचा, तोही बाकीच्यांच्या ड्रायव्हरच्या जवळपास. बिघडलेल्या अवजारावाचून चालवायचं, हा त्याचा मार्ग. स्टीव्ह स्ट्रिकरने कार्ड गमावल्यावर विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात ट्रेलरच्या आडोशाला उभं राहून बर्फात चेंडू मारले. २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं पुनरागमनाचा पुरस्कार त्यालाच. दोनदा मिळाला म्हणून लोक हसतात, पण २००७ ला तो जिंकलाही होता.

उलटं उदाहरण मार्टिन कायमर. २०११ मध्ये जगात पहिला. मास्टर्समध्ये पहिल्या चारही वेळा कट चुकला म्हणून ऑगस्टासाठी (मास्टर्सचं मैदान) चेंडू डावीकडे वळवायचं शिकायला गेला आणि चांगली चाललेली गाडी रुळावरून उतरली. २०१४ ला पाइनहर्स्टवर यूएस ओपन आठ स्ट्रोकने जिंकून दाखवलं, पण ती उंची फार टिकली नाही.

आपल्याकडचा अर्जुन अटवाल बघा. २०१० मध्ये जुलैत कार्ड गेलं, ऑगस्टमध्ये सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि जिंकला. पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. जीव मिल्खा सिंगनेही लांबच्या कोरड्या काळानंतर २००६ मध्ये चार विजय मिळवले, त्यात वालदेरामाची व्हॉल्व्हो मास्टर्स, आणि चाळिशीत २०१२ ची स्कॉटिश ओपन. या दोघांना स्टेटमेंट बघून पैसे देणाऱ्याने ऐन वेळी हात आखडता घेतला असता.

टेरी_अक्कलकोटरोड

मनापासून आभार. दोन मोसमांच्या फेऱ्या मांडल्या, शॉटच्या नोंदी त्याच्या कोचने दिल्या. चित्र असं: पार ३ वर माणूस पक्का. ग्रीनकडचे शॉट मैदानाच्या सरासरीपेक्षा सातत्याने चांगले, वाईट आठवड्यातसुद्धा. पुटिंग मध्यम. डबल आणि ट्रिपल जवळजवळ सगळे पार ४ वर, ड्रायव्हर हातात असताना, आणि चेंडू डावीकडेही जातो, उजवीकडेही. कोच तीन वर्षं एकच.

आमच्या मागाच्या भाषेत सांगायचं तर बाण्यातला दोष आडवा, तेवढ्या जागी दिसतो आणि पुढे कापड चांगलं निघतं. ताण्याची तार तुटली तर दोष उभा, जोडेपर्यंत थानभर उतरतो. मला याच्यात ताणा शाबूत वाटतोय. चुकतंय का काही?

येरवडा_रेंज

चुकत नाही. अप्रोच शॉट वाईट आठवड्यातही टिकतात, ही त्यातली सगळ्यात मोलाची ओळ. ताणा तोच.

आता एवढंच विचारा: झाडीच्या होलवर ड्रायव्हर ठेवून त्याच्याकडे दुसरं काय आहे? भरवशाचं ३-वूड किंवा २-आयर्न असेल तर हिशोब सोपा. टूरच्या आकड्यांत सगळ्या ड्राइव्हवर २० यार्ड गमावले तर फेरीला साधारण पाऊण स्ट्रोक जातो. ड्राइव्हच्या चौदापैकी पाच होलवरच गमावले तर पाव स्ट्रोकच्या आसपास. चार फेऱ्यांना मिळून एक. हद्दीबाहेरचा एक चेंडू वाचला तरी हे सगळं भरून वर एक उरतो. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर मोठमोठे खेळाडू ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात, कमीपणा नाही त्यात. हा पोरगा अशा ठिकाणी कसा खेळला ते वेगळं काढा. तिथे त्याचे निकाल बरे असतील तर रोगनिदान पक्कं.

नसतील, आणि छोट्या क्लबनेही दोन्हीकडेच जात असेल, तर मात्र थांबा. मग ते अवजाराचं दुखणं नाही.

नवीपेठ_जमाखर्च

खेळातलं मला या लोकांइतकं कळत नाही, पण कराराबद्दल बोलतो, कारण असे खेळाडू बहुतेक वेळा खेळाने नाही, रोकडीने बुडतात. प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, कॅडीचा (बॅग वाहणाऱ्याचा) आठवड्याचा पगार, हे सगळं कट चुकला तरी जातं आणि चुकलेल्या कटचे पैसे शून्य. सलग चार आठवडे असं झालं की माणूस पाचव्या आठवड्यात भाड्याच्या काळजीने पुट मारतो.

म्हणून मूळ रक्कम निकालाला बांधू नका. ती सुरू केलेल्या स्पर्धांना बांधा: इतक्या स्पर्धा खेळला की तिमाहीला इतके. पहिल्या दहात आला तर बोनस, जिंकला तर मोठा बोनस. कट पार केल्याचा बोनस ठेवू नका. त्याने खेळाडू दुसऱ्या फेरीत जपून ग्रीनच्या मध्यावर मारायला लागतो आणि तुम्हाला हवा असलेला दुसरा क्रमांक तिथेच जातो. बोनस ठरवताना लक्षात असू द्या की त्यातला वाटा कॅडीला जातो. मोठ्या टूरवर बक्षिसाच्या ५ ते ७ टक्के आणि विजयाला १० टक्के असा रिवाज आहे, तुमच्या बोनसला तो लागू की नाही हे आधी लिहून घ्या.

दोन वर्षं एकदम नको. एक वर्ष पक्कं, दुसरं वाढवायचा हक्क तुमच्याकडे आणि त्याची रक्कम आजच ठरलेली. दुखापतीने आठ आठवड्यांहून जास्त बाहेर राहिला तर मुदत तेवढी पुढे. टोपीची पुढची बाजू क्लब बनवणाऱ्या कंपनीने आधीच घेतली नाही ना, हे विचारा; पुष्कळदा घेतलेली असते आणि मग आपल्या वाट्याला कॉलर उरते. पैसे टीडीएस कापून, जीएसटीचं सीएला विचारून.

सातरस्ता

कट-बोनसचा मुद्दा पटला. आणि टेरीसाहेब, लोगो राहू द्या बाजूला, टॉवेल द्या की त्याला. घरचंच आहे.

टेरी_अक्कलकोटरोड

तेच डोक्यात होतं. १६ बाय २४ इंचाचा नमुना काढलाय, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन), कडेला छिद्र आणि कडी. चालेल का?

येरवडा_रेंज

ते हौशी खेळाडूच्या बॅगेला लटकवायचं माप. टूरवरचा कॅडी २० बाय ४० चा वापरतो, अर्धा ओला, अर्धा कोरडा. ओल्या भागाने फेसच्या खाचांतली माती काढायची, कोरड्याने लगेच पुसायचं. खाचांत पाणी राहिलं तर चेंडूला फिरकी लागत नाही आणि वेजचा (जवळून उंच मारायच्या क्लबचा) शॉट ग्रीनवर थांबत नाही. छिद्र कडेला नको, मध्यभागी चीर ठेवा, म्हणजे क्लबच्या टोकावरून सरकवून बॅगेवर घालता येतो आणि दोन्ही बाजू खाली लोंबतात. ४५० जीएसएम ठीक. त्यापेक्षा जाड घेतलात तर ओला झाल्यावर कॅडी शिव्या देईल.

फिनिशिंगला सॉफ्टनर-सिलिकॉन मारू नका, पाणी ओढत नाही. देण्याआधी दोनदा साध्या पाण्यात धुऊन द्या, नाहीतर नव्या टॉवेलचे सुटे तंतू ग्रिपला चिकटतात. टेरीचे लूप (धाग्याचे फासे) लांब ठेवलेत तर हातमोज्याच्या वेल्क्रोत अडकून ओढले जातील, तेव्हा एका बाजूला लूप कातरून घेता आले तर बघा. रंग गडद. आणि नाव जकार्डमध्ये मधोमध विणू नका. चीर मध्यावर आली की मधला भाग बॅगेवर दडतो, कॅमेऱ्याला खालचे आठ-दहा इंचच दिसतात. दोन्ही टोकांना, एकमेकांच्या उलट दिशेने विणा, म्हणजे लोंबताना दोन्हीकडून सुलट वाचता येईल.